रांगेचा इन्साफ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत लालबाग, काळाचौकी आणि परळ या जुन्या गिरणगावाच्या मुलखातून जी माणसांची रांग अहोरात्र सरकत असते, तिच्याइतकी दीर्घ, चिवट आणि सर्वस्वी स्वखुशीने उभी राहिलेली दुसरी रांग मुंबई शहरात क्वचितच दृष्टीस पडेल. तिच्या टोकाशी शिधा मिळत नाही, दाखला मिळत नाही, नोकरीचा हुकूम मिळत नाही. मिळते ते क्षणभराचे दर्शन, आणि त्या क्षणासाठी कडेवर लेकरू घेतलेल्या आया, गुडघेदुखीने जेरीस आलेले आजोबा, रात्रपाळी आटोपून थेट स्टेशनातून आलेले कामगार आणि कॉलेजातल्या मुलामुलींचे घोळके आठ-आठ, दहा-दहा तास, आणि गर्दीच्या दिवशी नवसाच्या रांगेत एक पूर्ण दिवस नि रात्र उलटेपर्यंतही, जागा न सोडता उभे असतात. एवढ्या समुदायाला एकामागे एक उभे करणे, मध्येच कोणाला शिरू न देणे, मागच्याने पुढच्याला रेटू नये आणि पुढच्याने मागच्याला खोळंबून ठेवू नये याची तजवीज करणे, हे काम कोण करतो, कोणत्या अधिकाराने करतो आणि ते कशामुळे साधते वा फसते, हा विषय वरवर पाहता केवळ बंदोबस्ताचा वाटतो. परंतु जरा खोल उतरून पाहिले, तर तो न्यायाचा विषय आहे, आणि प्रसंगी जीवनमरणाचाही.

या रांगेचा उगम एका नवसात आहे. लालबागच्या पेरू चाळीच्या आवारात भरणारा बाजार १९३२ साली बंद पडला आणि तेथे पाट्या मांडून बसणाऱ्या कोळिणी व किरकोळ व्यापारी उघड्यावर आले. बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून या मंडळींनी गणपतीला नवस बोलला. पुढे स्थानिक कार्यकर्त्यांच्या खटपटीने आणि रजबअली तय्यबअली या जमीनमालकांच्या औदार्याने बाजारासाठी जागा मिळाली, आणि १२ सप्टेंबर १९३४ रोजी त्या जागेवर 'लालबागचा राजा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणेशाची स्थापना झाली. ज्या मूर्तीचे अस्तित्वच फळाला आलेल्या नवसातून निर्माण झाले, ती 'नवसाला पावणारी' म्हणून ख्यात व्हावी, यात नवल नाही. आणि नवस म्हटला, की तो फेडण्यासाठी देवाच्या पायांपर्यंत पोचणे आले. म्हणूनच लालबागच्या राजाच्या दर्शनाला दोन रांगा असतात: मंचावर चढून चरणांवर माथा टेकू इच्छिणाऱ्यांची नवसाची रांग, आणि दुरून मूर्तीचे रूप डोळ्यांत साठवून पुढे निघून जाणाऱ्यांची मुखदर्शनाची रांग. पंढरपुरात पदस्पर्शदर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा अशाच निरनिराळ्या चालतात. ज्याची अपेक्षा मोठी त्याने अधिक काळ थांबावे, ज्याला थोडक्यात समाधान आहे त्याचा मार्ग मोकळा असावा, हा या विभागणीमागचा विचार शहाणपणाचा आहे, आणि तो कोणत्याही अभियांत्रिकीच्या पुस्तकातून आलेला नसून अनुभवातून आलेला आहे.

तथापि या व्यवहाराचे एक शास्त्र आहेच. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करणाऱ्या एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या खोळंब्यांवर जो निबंध लिहिला, त्यातून रांगेच्या गणिताची शाखा उदयास आली. परंतु तिचे मूळ सूत्र लालबागच्या मंडपात कोणालाही बोटांवर मोजता येईल. समजा, चरणांवर डोके ठेवून बाजूला होण्यास एका भाविकाला ३ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला २० आणि तासाला १,२०० माणसांचे दर्शन होते. रांगेत २४,००० माणसे उभी असतील, तर सर्वांत शेवटी येणाऱ्यास २० तास थांबावे लागेल. आता प्रत्येकाने तेथे केवळ एकच सेकंद अधिक घेतला, तर तासाला ९०० माणसेच पुढे जातील आणि त्याच शेवटच्या माणसाची प्रतीक्षा सहा तास चाळीस मिनिटांनी वाढेल. मंचावरच्या एका सेकंदाची किंमत रस्त्यावरच्या माणसाला प्रहरांत मोजावी लागते, हे एकदा ध्यानी आले, म्हणजे त्या मंचावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते.

हा कार्यकर्ता बहुधा त्याच वस्तीतला असतो. कोणी बँकेत कारकून, कोणी बेस्टमध्ये वाहक, कोणी अजून नोकरीच्या शोधात. उत्सवासाठी रजा काढून किंवा झोप मोडून तो आलेला असतो. गळ्यात ओळखपत्र, घामाने भिजलेला सदरा, बसलेला आवाज. समोर आलेल्या भाविकाचा माथा चरणांवर टेकला, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला उठते करावयाचे आणि पुढच्याला जागा करून द्यावयाची, एवढेच त्याचे काम; पण ते काम त्याला एका पाळीत हजारो वेळा करावे लागते. वीस तास उभी राहिलेली बाई तेथे रडू लागते, एखादा म्हातारा हात जोडून डोळे मिटतो तो उघडीतच नाही, कोणी तान्हे मूल पायांवर घालू पाहतो. या प्रत्येकाला त्या घटकेला असे वाटत असते, की एवढा वेळ थांबलो, आता निदान एक श्वास तरी शांतपणे मिळावा. पाळीच्या पहिल्या तासात त्या कार्यकर्त्याचा हात हलका असतो आणि "चला माउली, पुढे चला" असे शब्द त्याच्या तोंडी असतात. आठव्या तासात तोच हात जड होतो, माउली शब्द गळून पडतो आणि नुसते "चला, चला" उरते. त्यापुढे कधी हाताचा रेटा होतो आणि मग भाविकांशी उद्धट वर्तन झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. भाविकाशी असभ्य वागणाऱ्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु शिस्तीचा अंमल करणाऱ्या माणसाच्या सहनशक्तीलाही मर्यादा असते, आणि ती संपण्यापूर्वी त्याच्या जागी ताज्या दमाचा माणूस उभा करणे हे व्यवस्थापकांचे कर्तव्य आहे. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावणे ही भक्तांच्या मानासाठी घ्यावयाची खबरदारी होय.

मंचावरून रांगेच्या मध्यभागाकडे वळले, की दुसराच प्रश्न दिसू लागतो. तेथे देव दिसत नाही, कार्यकर्ताही प्रत्येक कठड्यापाशी नसतो, आणि तरीही बहुतांश वेळ रांग स्वतःच स्वतःला सांभाळीत असते. कोणी लोखंडी कठड्याखालून वाकून आत येऊ लागला, तर "ओ, कुठे? मागे लाइन आहे," असा आवाज प्रथम पोलिसाकडून येत नाही; तो येतो घुसणाऱ्याच्या अगदी पाठीमागे जो उभा आहे त्याच्याकडून. स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधल्या रांगांत मुद्दाम घुसखोर पाठवून जो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध केला, त्यातही हेच आढळले होते, की घुसखोराच्या लगत मागे असणाऱ्या माणसावरच हरकत घेण्याची जबाबदारी येऊन पडते, आणि तो गप्प राहिला तर त्याच्यामागचे बहुधा गप्पच राहतात. म्हणजे रांगेचा पहिला शिपाई रांगेतच उभा असतो. त्याला जोपर्यंत असे वाटते, की आपण आवाज उठवला तर कार्यकर्ता आपली बाजू घेईल, तोपर्यंत तो आपले काम चोख करतो. पण "असू दे रे, आपला माणूस आहे," असे शब्द कार्यकर्त्याच्याच तोंडून एकदा त्याच्या कानी पडले, की तो पुन्हा कधी तोंड उघडीत नाही, आणि पुढच्या खेपेस संधी मिळाली तर स्वतःच कठड्याखालून वाकतो.

मुंबईच्या माणसाला रांगेचे हे संस्कार काही आज झालेले नाहीत. मे १९४३ मध्ये युद्धकालीन टंचाईमुळे या शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि पिशवी व पत्रिका घेऊन ताटकळणे हा घरोघरीचा दिनक्रम झाला. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली तेव्हापासून बसथांब्यावरची रांग हळूहळू या शहराची ओळखच बनली. गिरणीच्या दाराशी हजेरीसाठी, भारतमाता सिनेमाच्या खिडकीशी तिकिटासाठी, दादरच्या शिवाजी मंदिरात नव्या नाटकाच्या प्रयोगासाठी माणसे उभी राहत आली. परंतु या सर्वांहून कडक शाळा होती ती गिरगाव-परळच्या चाळींतल्या सार्वजनिक नळाची. पहाटे पाणी येण्यापूर्वी नळापाशी हंडे-कळशांची ओळ लागे; माणूस घरात चहा टाकीत असे आणि त्याचा हंडा त्याच्या वतीने रांगेत उभा असे. हा हंडा कोणी सरकवीत नसे. पण नळ सुरू झाल्यावर मालकीण वेळेवर आली नाही, तर पुढचा हंडा लागे आणि तिला तक्रारीस जागा राहत नसे. लेऑन मान या अभ्यासकाने ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्यांच्या तिकिटांसाठी रात्रीच्या रात्री उभ्या राहणाऱ्या शौकिनांच्या रांगांचे वर्णन १९६९ साली केले, ते वाचताना आपल्या चाळीतला कोणीही माणूस ओळखीचे हसेल. तेथेही खोकी ठेवून जागा राखण्याचा रिवाज होता, काही काळ बाजूला जाण्याची मुभा होती, आणि मुभेच्या पलीकडे गैरहजर राहणाऱ्याचा हक्क बुडत होता. कोणी लिहून न दिलेला, कोणत्याही न्यायालयाने न शिकवलेला हा दस्तूर दोन गोलार्धांत सारखाच निपजावा, याचा अर्थ इतकाच, की आधी आला त्याला आधी, ही न्यायाची कल्पना माणसाच्या फार आतून आलेली आहे.

देवाच्या भक्तांना जे लागू पडते, तेच कलेच्या, खेळाच्या आणि कथानायकांच्या चाहत्यांनाही लागू पडते. टोकियो शहरात १९७५ च्या डिसेंबरात चित्रकथांच्या हौशी निर्मात्यांचा व वाचकांचा 'कॉमिक मार्केट' नावाचा एक लहानसा मेळा भरला. आज तो वर्षातून दोनदा भरतो आणि त्याला लाखो माणसे येतात. तो चालवणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत, आणि आदल्या रात्रीपासून येऊन रांग लावण्यास तेथे स्पष्ट मनाई आहे. त्या मेळ्यातली एक साधी रीत मला फार अर्थपूर्ण वाटते. एखाद्या गाळ्यापुढची रांग वाढली, की 'रांगेचा शेवट येथे' असे लिहिलेली पाटी सर्वांत मागच्या माणसाच्या हाती दिली जाते. नवा माणूस आला, की तो नम्रपणे ती पाटी मागून घेतो आणि आता तो शेवट होतो. पहारेकरी एकही न लागता रांगेचे टोक दुरून सर्वांना दिसते, कोठे उभे राहावे याचा वाद उद्भवत नाही, आणि प्रत्येक येणारा माणूस निदान अर्धा मिनिट त्या रांगेचा अधिकृत सेवक बनतो. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७० सालापासून भरणाऱ्या कॉमिक-कॉनमध्ये सुमारे साडेसहा हजार आसनांच्या 'हॉल एच' या दालनासाठी चाहते रात्र उघड्यावर काढीत, म्हणून तेथील व्यवस्थापकांना मनगटपट्टे वाटण्याची पद्धत सुरू करावी लागली. पट्टा मिळाला की आपली जागा पक्की, आणि मिळाला नाही की व्यर्थ ताटकळणे नको. आपल्या मुंबईतही आता असे मेळावे भरू लागले आहेत, आणि त्यांत वेषभूषा करून हौसेने जाणाऱ्या तरुणांच्या पालकांना कदाचित ठाऊक नसेल, की या मेळाव्यांच्या चालकांना जे प्रश्न पडतात, ते लालबागच्या मंडळाला कित्येक वर्षांपासून पडत आलेले आहेत.

येथवर न्यायाची बाजू झाली. परंतु रांग मोडली, म्हणजे केवळ कोणाचा तरी क्रम चुकतो असे नाही. रांग मोडली, की तिची गर्दी होते, आणि गर्दीचे नियम माणसाच्या इच्छेला विचारीत नाहीत. पादचाऱ्यांच्या हालचालींवर १९७१ साली मूलभूत ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने पुढे गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास करून असे दाखवून दिले, की एका चौरस मीटर जागेत सात माणसांच्या आसपास दाटी झाली, की समुदाय एखाद्या द्रवपदार्थासारखा वागू लागतो. मागून आलेला रेटा त्यातून लाटेसारखा पुढे जातो, माणसे पायांवरून उचलली जातात, लोखंडाचे कठडे वाकतात. अशा वेळी मरण बहुधा तुडवले गेल्याने येत नाही. छाती चारी बाजूंनी दाबली गेल्यामुळे श्वासच घेता येत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. मागच्यांना पुढे काय घडले ते दिसत नाही, म्हणून ते रेटीतच राहतात. फ्रुइनने या आपत्तीची चार अंगे सांगितली: बल, वार्ता, अवकाश आणि काळ. रेटा किती आहे, लोकांना काय कळले आहे, जागा किती आहे आणि किती वेळात किती माणसे येत आहेत. ज्याने या चारांवर नजर ठेवली, त्याने अनर्थ टाळला.

हे आपल्यापासून दूरचे पुस्तकी ज्ञान आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ स्मरावी. परळ आणि तेव्हाचे एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलाच्या जिन्यावर पावसामुळे माणसे थांबून राहिली, गाड्यांमागून गाड्या येऊन नवी माणसे ओतीत राहिल्या, आणि कामावर निघालेल्या २३ माणसांचा तेथे अंत झाला. ती बेशिस्त माणसे नव्हती. रोज त्याच जिन्याने जाणारे-येणारे मुंबईकर होते. फक्त उतरण्याची वाट बंद आणि चढण्याची चालू, अशी स्थिती निर्माण झाली आणि ती वेळेवर कोणाच्या ध्यानी आली नाही. त्यापूर्वी २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेव गडावर काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक प्राणांस मुकले. तेथेही अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि मागून वाढत जाणारा जमाव हीच कारणे एकत्र आली होती. या घटनांनंतर चेंगराचेंगरी हा शब्द छापून येतो आणि जणू माणसांनीच एकमेकांना चेंगरले असा समज पसरतो. वास्तविक पाहता दोष बहुतेक वेळा त्या जागेचा आणि तिची आखणी करणाऱ्यांचा असतो.

म्हणून लालबागसारख्या ठिकाणी रांगेला सरळ न सोडता कठड्यांमधून वळणावळणाने फिरवतात आणि मधूनमधून तोडून तुकड्यांनी पुढे सोडतात, त्यामागे गहन कारण आहे. दोन तुकड्यांमध्ये मोकळी जागा राहिली, की मागचा रेटा पुढच्या तुकडीपर्यंत पोचत नाही. अचानक एखादे दार उघडणे, "इकडून या" अशी एकाएकी हाक देणे, दोन रांगा एका अरुंद तोंडात मिसळणे, या गोष्टी सर्वांत घातक. कारण त्याबरोबर क्रमाने उभी असलेली माणसे स्पर्धक बनतात. आणि दर्शन काही कारणाने थांबले असेल, तर ते का थांबले आणि अंदाजे केव्हा सुरू होईल, हे ध्वनिवर्धकावरून सांगितलेच पाहिजे. न कळलेला अर्धा तास हा कळलेल्या दोन तासांहून जड जातो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे, आणि अफवेला पाय फुटतात ते याच न कळलेल्या अर्ध्या तासात.

आता या विषयातले सर्वांत नाजूक, पण टाळता न येणारे प्रकरण, ते म्हणजे बाजूच्या दाराचे. नट, पुढारी, उद्योगपती आणि त्यांचे आप्तेष्ट यांना थेट चरणांपाशी नेले जाते आणि त्यांची छायाचित्रे घेईपर्यंत अवकाश दिला जातो, आणि त्याच वेळी सामान्य भाविकाचा माथा टेकण्यापूर्वीच उचलला जातो, अशी चित्रे अलीकडे प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरतात. २०२४ साली तर या भेदभावाविरुद्ध वकिलांनी मुंबई पोलिसांकडे लेखी फिर्याद नेली. मान्यवर आल्याने उत्सवाची कीर्ती वाढते, त्यांना सामान्य रांगेत उभे केले तर सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवेल, असा युक्तिवाद केला जातो, आणि त्यात काही तथ्य आहे हेही मान्य केले पाहिजे. परंतु मघाचे गणित पुन्हा मांडून पाहावे. तासाला १,२०० माणसांचे दर्शन होत असताना त्यांपैकी १०० बाजूच्या दाराने आली, तर मुख्य रांगेला तासाला १,१०० उरतात, आणि २४,००० च्या शेवटी उभ्या असलेल्या माणसाची प्रतीक्षा २० तासांवरून जवळजवळ २२ तासांवर जाते. हे दोन तास कोणाच्या तरी खात्यावरून वजा होतात. ज्याच्या खात्यावरून होतात, त्याला कोणी विचारलेले नसते. त्यातही पाहुणा छायाचित्रासाठी तेथे रेंगाळला, तर हिशेब आणखी बिघडतो.

याउलट गरोदर स्त्रिया, अपंग, अतिवृद्ध आणि आजारी माणसे यांना आधी सोडले, तर त्याच रांगेतला माणूस एक पाऊल मागे सरून त्यांना वाट करून देतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. सवलतीला लोकांचा विरोध नसतो. जी सवलत आधी जाहीर केलेली आहे, जिचे कारण डोळ्यांना दिसते आणि जी आपल्यालाही त्या अवस्थेत मिळेल अशी खात्री असते, ती लोकांना न्याय्य वाटते; जी सवलत शिफारशीने, ओळखीने, पासाने वा पैशाने गुपचूप मिळते, ती प्रत्येक उभ्या माणसाला आपला अपमान वाटते. मोठ्या पदावरील व्यक्तींसाठी वेगळी व्यवस्था करणे अपरिहार्यच असेल, तर तिची वेळ ठरवून ती जाहीर करावी, संख्या मर्यादित ठेवावी आणि दिवसअखेर किती माणसे त्या दाराने गेली हा आकडा फलकावर लावावा. ज्या गोष्टीचा हिशेब उघड मांडता येत नाही, ती करू नये.

बंदोबस्ताच्या बळावर जे होत नाही ते विश्वासाच्या बळावर कसे होते, हे पाहण्यासाठी लालबागहून दूर जाण्याचे कारण नाही. दादरच्या समुद्रकिनारी ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी देशभरातून लाखो माणसे येतात. शिवाजी पार्कच्या परिसरातून सरकणारी ती रांग ज्याने पाहिली आहे, त्याला तिची शांतता विसरता येत नाही. पांढरी वस्त्रे ल्यालेल्या खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्या, पाठीवर पिशव्या, हातांत नुकतीच विकत घेतलेली पुस्तके. जागोजागी समता सैनिक दलाचे स्वयंसेवक उभे, पण काठी उगारण्याचा प्रसंग विरळा. महानगरपालिका पाणी, निवारा आणि शौचालये यांची सोय करते, आणि ती सोय शिस्तीला मोठा हातभार लावते, कारण तहानलेला, थकलेला माणूस नियम पाळीत नाही. परंतु मुख्य गोष्ट ही, की तेथे येणारा प्रत्येक जण समतेच्या नावाने आलेला असतो, आणि समतेच्या नावाने आलेल्याने दुसऱ्याच्या पुढे घुसणे ही आपल्याच श्रद्धेशी प्रतारणा ठरेल, याची जाणीव त्या रांगेला आतून धरून ठेवते.

दुसरे उदाहरण वारीचे. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला हैबतबाबा आरफळकरांनी जी शिस्त लावून दिली, तिच्यात प्रत्येक दिंडीचा रथापुढचा वा रथामागचा क्रमांक ठरलेला असतो. रोजची वाटचाल संपल्यावर मुक्कामाच्या तळावर समाजआरती होते. हजारो टाळ-मृदंग एकाच वेळी वाजत असतात. चोपदार आपला दंड उंचावतो आणि सारा तळ एका क्षणात निःशब्द होतो. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, कोणी क्रम मोडला असेल, कोणावर अन्याय झाला असेल, ती दिंडी आपले टाळ थांबवीत नाही. त्या नीरव तळावर एकाच बाजूने टाळ वाजत राहतात. चोपदार तेथे जातो, फिर्याद ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मगच आरतीला प्रारंभ होतो. हुकूम देणाऱ्याला दंड उगारण्याचा जेवढा अधिकार, तेवढाच साध्या दिंडीला तो हुकूम अडवून दाद मागण्याचा अधिकार, आणि हे सारे सर्वांसमक्ष. एवढ्या प्रचंड समुदायाची शिस्त इतका काळ का टिकली, याचे उत्तर माझ्या मते या एका रीतीत आहे. पंढरपूरला पोचल्यावरही आषाढी एकादशीच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसण्याचा मान दर्शनरांगेतल्या एका वारकरी दाम्पत्याला मिळतो. त्या पहाटे राज्याचा प्रमुख आणि रांगेत उभा राहिलेला शेतकरी एका पाटावर येतात, आणि रांगेत उभे राहणे ही कमीपणाची गोष्ट नाही, हे सबंध महाराष्ट्राला दिसते.

या दोन उदाहरणांवरून आपल्या उत्सव मंडळांनी, नाट्यगृहांनी, क्रीडासंस्थांनी आणि चाहत्यांच्या नव्या मेळाव्यांच्या चालकांनी घेण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे बिनखर्चाचे आहे. रांगेच्या शेपटाशी एक जाणता कार्यकर्ता आणि एक तक्ता असावा, व 'येथून दर्शनास अंदाजे इतके तास' हे त्यावर तासातासाला प्रामाणिकपणे लिहावे, म्हणजे ज्याला थांबणे शक्य नाही तो वेळीच मुखदर्शनाकडे वळेल. पाण्यासाठी वा शौचास जाणाऱ्याला चिठ्ठी देऊन परत आपल्या जागी येण्याची मुभा असावी. ती नसल्यामुळेच "मी इथेच होतो" आणि "नव्हतास" हे तंटे उद्भवतात. प्रत्येक वळणावर तक्रार ऐकून घेणारा एक माणूस असावा, आणि त्याने ती ऐकल्याचे आजूबाजूच्यांना दिसावे. घुसखोराला मारू नये, त्याची मानहानी करू नये. त्याला शांतपणे, पण न चुकता, रांगेच्या शेवटी नेऊन उभे करावे, कारण शिक्षेच्या कडकपणापेक्षा तिची निश्चिती अधिक धाक घालते. आणि दाटी वाढू लागली, की दर्शन थांबवण्याचा नव्हे, तर मागून येणारा ओघ थांबवण्याचा अधिकार एका ठरावीक माणसाच्या हाती असावा, आणि त्याने तो वापरला असता कोणत्याही पदाधिकाऱ्याने त्यात हात घालू नये.

वाचकांचीही जबाबदारी येथे थोडी नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी कधी ना कधी मंडळातल्या ओळखीच्या मुलाला फोन करून "जरा बघ ना, आई बरोबर आहे," असे म्हटलेले असते, आणि ते म्हणताना आपण कोणाचे काही घेत आहोत असे मनातही आलेले नसते. परंतु आपण त्या मुलावर जो भार टाकतो, तो मोठा असतो. त्याला आपल्या माणसाचा शब्द आणि परक्यांचा हक्क यांतून एक निवडावे लागते, आणि त्याची निवड सारी रांग पाहत असते. जो कार्यकर्ता आपल्या सख्ख्या मामालाही "मामा, लाइन तिकडून सुरू होते," असे सांगू शकतो, त्याने पुढे दिवसभर कोणालाही काही सांगितले तरी ते ऐकले जाते. आणि असे उत्तर मिळाल्यावर न रागावता शेपटाकडे चालू लागणारे मामा जितके वाढतील, तितकी लालबागच्या रस्त्यावर पोलिसांची गरज कमी होत जाईल.